नवरीचे फुटलेले ओठ

मे महिन्यातल्या डोंबिवलीत पंख्याखाली बसूनही घाम पुसावा लागतो. अशा हवेत सहसा कुणाचे ओठ फुटत नाहीत. पण त्या गुरुवारी माझ्या पार्लरमध्ये आलेल्या मुलीच्या ओठांची सालपटं निघत होती. कोपऱ्यांना भेगा आणि वर व्हॅसलीनचा जाड थर. रविवारी तिचं लग्न होतं. सोबत आलेल्या वहिनीला ऐकू जाऊ नये म्हणून ती अगदी हळू म्हणाली, "ताई, हातपाय करायचेत आणि बिकिनी वॅक्सपण." म्हणजे जांघेतलेही केस काढायचे होते.

वॅक्स तापायला ठेवलं होतं. माझी नजर तिच्या ओठांवरून हलेना. मी विचारलं, "मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का गं?"

"हो, चार महिने झाले. स्किनच्या डॉक्टरांनी दिल्यात. पण त्या चेहऱ्यासाठी आहेत ना!"

मी हीटर बंद केला.

पर्समधून तिने पाकीट काढून दाखवलं. आयसोट्रेटिनॉइन. ही गोळी घेतात मुरुमांसाठी, पण ती पोटात जाते आणि अंगभर काम करते. सगळीकडची त्वचा कोरडी, नाजूक होते. त्यावर वॅक्स लावून ओढलं, तर केसांबरोबर सालही निघू शकते. म्हणून ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावरही सहा महिने वॅक्स करत नाहीत. मी शिकाऊ असताना एका पार्लरमध्ये हे डोळ्यांनी पाहिलंय. अप्परलिपची पट्टी ओढली आणि त्या बाईच्या ओठावर मसुराएवढा लालबुंद ओला ठिपका उमटला. गोळ्यांचं तिला कुणी विचारलंच नव्हतं. जांघेत तर कपडा घासतो, घाम साचतो. तिथे अशी जखम घेऊन ही मुलगी बोहल्यावर कशी उभी राहणार होती?

तेव्हापासून मी विचारते. मधुमेह आहे का, रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे का, त्या जागी पाण्याचे फोड येतात का, रेटिनॉलचं क्रीम लावता का. बायका लाजतात, काही चिडतातही. तरी विचारायचंच.

पण त्या दिवशी वॅक्सपेक्षा मोठी गोष्ट पुढे होती. मी विचारलं, "तुझं लग्न ठरल्याचं डॉक्टरांना सांगितलंयस ना?"

ती गप्प. गोळ्या सुरू केल्या तेव्हा लग्नाचा विषयच नव्हता. स्थळ नंतर आलं आणि महिन्याभरात सगळं ठरलं. ही गोळी चालू असताना आणि बंद केल्यावर निदान एक महिना दिवस राहू द्यायचे नसतात, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. पाकिटावर तसा इशारा छापलेला होता, बारीक इंग्रजी अक्षरांत. मी वहिनीला आत बोलावलं. तिने वाचलं आणि खाली बसलीच. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून घेतलं.

फोन ठेवल्यावर मुलगी रडायला लागली. मला वाटलं घाबरली असेल. पण ती म्हणाली, "ताई, केस तसेच राहिले तर घाण वाटणार नाही का?"

हे वाक्य मला फार लागलं. किती मुली हाच समज घेऊन येतात! केस म्हणजे घाण नव्हे. त्या नाजूक जागेला घासण्यापासून तेच जपतात. रोजच्या आंघोळीने स्वच्छता होते. बाळंतपणाआधी सरसकट तिथले केस काढू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेनेही 2018 साली सांगितलंय. वॅक्स ही आवडीची गोष्ट आहे, करावंसं वाटलं तर करावं. तिला म्हटलं, फारच वाटलं तर ट्रिमरने बारीक कर, पण पातं कातडीला टेकवू नकोस. हातापायांनाही मी वॅक्स लावलं नाही. नखं करून दिली आणि पाठवलं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा आली. गोळ्या बंद होऊन आठ महिने झाले होते, डॉक्टरांनाही विचारून आली होती. केस तांदळाच्या दाण्याएवढे, म्हणजे पाच-सहा मिलिमीटर वाढलेले. त्याहून लहान असले तर वॅक्सला पकड मिळत नाही. पाळीच्या आधीचे दिवसही तिने टाळले होते, तेव्हा जास्त दुखतं. जांघेत मी पट्टीचं नाही, हार्ड वॅक्स वापरते, म्हणजे घट्ट झाल्यावर पट्टीशिवाय ओढतात ते. ते केसांना धरतं, कातडीला कमी चिकटतं. आधी माझ्या मनगटावर, मग तिच्या जांघेवर नखाएवढं लावून पाहिलं. मग एका हाताने कातडी ताणून धरायची, वॅक्स वर न उचलता कातडीलगत झटक्यात ओढायचं आणि लगेच तळहाताने दाबायचं. दर वेळी नवी काडी. अंगाला लागलेली काडी परत डब्यात गेली, तर एकीचा संसर्ग दुसरीला जातो. डबा उघडल्यावर गिऱ्हाईकाने हे बेधडक बघावं.

दोन दिवस सैल सुती कपडे घाल, गरम पाणी, जिम, पोहणं आणि नवऱ्याजवळ जाणं टाळ. आठवड्याने हलक्या हाताने स्क्रब कर म्हणजे केस आत वळणार नाहीत. आणि लाली वाढत गेली किंवा पू दिसला, तर माझ्याकडे येऊ नकोस, सरळ डॉक्टर गाठ, एवढं सांगून तिला रिक्षात बसवलं.