पानं फाटलेली नव्हती

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वाचनालयात बालविभागाची देवघेव एरवीच्या तिप्पट होते. दर्यापूर–अंजनगाव रस्त्यावरचं, खारपाणपट्ट्यातलं गाव. घरची मोठी माणसं कापूस वेचायला जातात आणि पोरं सकाळी आठपासून ओट्यावर येऊन बसतात. भाऊबीजेनंतरच्या तिसऱ्या दिवशी त्यांच्या मागोमाग एक आजोबा आले. कापडी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढून त्यांनी माझ्या टेबलावर उपडं ठेवलं.

"मॅडम, हे तुमचं पुस्तक. पोट्टं दोन रातीपासून झोपत नाही. पाहा बरं, काय देल्लं तुमी त्याले."

मी पुस्तक सरळ केलं. पिवळा हसरा बिल्ला आणि त्यावर लाल ओघळ. 'वॉचमेन', इंग्रजी चित्रकादंबरी. खाली पुठ्ठ्याच्या कडेवर माझ्याच अक्षरात वर्गांक लिहिलेला: बा 741.5.

हे पुस्तक बालविभागाच्या रॅकवर कसं पोचलं, ते आधी सांगते.

गावातून पुण्याला गेलेल्या एका कुटुंबाने दसऱ्याच्या सुमारास दोन खोकी भेट पाठवली होती. एकूण 83 पुस्तकं: मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे 22 अंक, अमर चित्रकथा आणि टिंकल मिळून 30, राज कॉमिक्सचे हिंदी अंक 19 आणि 12 जाड इंग्रजी चित्रकादंबऱ्या. प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढवायचं, शीर्षकपानावर आणि गुप्त पानावर शिक्का मारायचा (दर पुस्तकात तेच ठरलेलं पान, आमचं 17), वर्गांक द्यायचा, कण्यावर चिठ्ठी लावायची, आत खिसा, कार्ड आणि तारीखपत्र चिकटवायचं. एकाला सात-आठ मिनिटं लागतात. नोंदवहीत लेखक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठं, किंमत, कुठून आलं, सगळ्याला रकाना आहे. कोणासाठी आहे, त्याला रकाना नाही. ड्युई पद्धतीत चित्रकथेला 741.5 मिळतो, मग ती सहा वर्षांच्या मुलाची असो की साठीच्या माणसाची. मुलांच्या पुस्तकाला आम्ही आधी 'बा' लावतो. ते एक अक्षर पूर्णपणे ग्रंथपालाच्या हातात असतं.

माझं सगळं लक्ष इंद्रजालच्या अंकांत होतं. टाइम्स ऑफ इंडियाने 1964 मध्ये ते सुरू केले आणि 1990 मध्ये बंद केले, म्हणजे सगळ्यात नवा अंकही आज पस्तिशीचा. मधल्या तारेच्या पिना गंजून पानाला तपकिरी भोकं पडली होती. अशी पिन ओढायची नाही, कागद सोबत येतो. बोथट सुरीने तिचे पाय आधी उभे करायचे, मग मागून ढकलायची. दोन भोकांच्या मध्ये तिसरं पाडायचं आणि मेण लावलेल्या सुती दोऱ्याने शिवायचं. गाठ आतल्या बाजूला. कणा फाटला असेल तर मांजरपाटाची पट्टी खळीने लावायची. खळीत चिमूटभर मोरचूद हवाच, नाहीतर पहिल्या पावसाळ्यात कसर लागते. 22 अंकांना माझे चार दिवस गेले आणि ते काम चांगलं झालं. इंग्रजी पुस्तकं मात्र मी मुखपृष्ठं पाहून एका दुपारी उरकली. हसरा पिवळा चेहरा दिसला, 'बा' लिहून टाकलं. अशा पुस्तकांच्या मागच्या कोपऱ्यात, बारकोडजवळ, प्रौढ वाचकांसाठी असल्याची सूचना बारीक अक्षरांत असते. नेमकी तिथेच जुन्या पुस्तकांच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी चिकटलेली होती. ती मी सोलून पाहिली नाही.

आजोबांनी सहाव्या प्रकरणातली पानं उघडली. ज्यांनी वाचलंय त्यांना कळेल. हरवलेली लहान मुलगी, दोन कुत्री आणि त्यांच्या तोंडातलं हाड.

"म्या बी लहानपणी इंद्रजालमधला वेताळ वाचला, मॅडम, तो मुखवटेवाला. कवटीचा ठसा उमटे गुंडाच्या जबड्यावर. हे असं नव्हतं त्याच्यात. हे सारे मुखवटेवाले काढून टाका तिथून."

मी म्हटलं, "काकाजी, चूक माझी झाली. पण पोराशी बोलू द्या मला."

पोरगा चौथीतला. बाहेरच्या कठड्याला टेकून उभा होता. त्याला इंग्रजीची अक्षरं ओळखू येतात, वाक्य वाचता येत नाही. मला वाटलं होतं कुत्र्यांचं बोलेल. तो पहिल्याच प्रकरणाचं बोलला.

"त्या बाबाले खिडकीतून फेकलं ना मॅडम. मंग म्या पाह्यत गेलो. त्याले वाचवायले कोणी येईन म्हणून. पार शेवटलोक पाह्यलं. कोणीच नाई आलं." थोडं थांबून म्हणाला, "मले वाटलं पानं फाटली असतीन."

आमच्या पुस्तकांची पानं फाटलेली असतात, हे त्याला ठाऊक आहे. गेल्या वर्षी एका रहस्यकथेचं शेवटचं पान नव्हतं, तेव्हा मी त्याला शेवट तोंडी सांगितला होता. म्हणून त्याने हिशेब केला की वाचवणाऱ्याची पानं गेली असणार आणि मॅडमला ठाऊक असेल. दोन रात्री तो घाबरून जागा होता असं आजोबांना वाटलं. घाबरला होताच, पण तो वाटही पाहत होता.

तेव्हापासून मी हे डोक्यातून काढू शकलेले नाही.

ॲलन मूर यांनी लिहिलेली आणि डेव्ह गिबन्स यांनी चितारलेली ही गोष्ट 1986–87 मध्ये 12 अंकांत आली. मुखवटा घालून न्याय करत फिरणारी माणसं खरोखर असती तर ती कशी असती आणि जगाचं काय झालं असतं, हा तिचा प्रश्न. तो प्रश्न कळायला आधी वाचवणारा नायक मनात पक्का बसलेला लागतो. ज्याने वीस वर्षं सुपरमॅन वाचलाय त्याला ती कळते. नऊ वर्षांच्या पोराकडे मोडण्यासाठी अजून तो नायकच नाही. शिवाय पानावर तीन गुणिले तीन अशा नऊ चौकटींची जाळी, आणि सर्वांत भयंकर जागी बऱ्याच चौकटी मुक्या. हिंसेला अर्थ देणारं जे काही आहे ते इंग्रजी शब्दांत, शब्दांशिवाय जे उरतं ते रक्त. ज्या मुलाला भाषा येत नाही त्याच्या हातात या पुस्तकाचा नेमका चुकीचा अर्धा भाग पडतो. आमच्याकडे येणाऱ्या दर इंग्रजी चित्रकथेला हे लागू आहे, आणि ते मला पुस्तक दाखल करताना सुचायला हवं होतं.

दुपारी सचिव आले. त्यांचं म्हणणं, सगळेच मुखवटेवाले कुलपात ठेवा, किल्ली माझ्याकडे द्या. मी नाही म्हटलं. कुलपात गेलेलं पुस्तक आमच्या हवेत दोन पावसाळ्यांत उधईच्या तोंडी जातं, हे एक. दुसरं, हा उपाय अमेरिकेत करून झालेला आहे. 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाच्या पुस्तकाने पालक हादरले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच आचारसंहिता लादून घेतली. मुखपृष्ठावर शिक्का असल्याशिवाय विक्रेते अंक घेईनात. शीर्षकात भयाचा शब्द नको, वाईटावर चांगल्याचा विजय झालाच पाहिजे, असे नियम. वर्थम यांच्या कागदपत्रांची तपासणी कॅरल टिली या ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी केली आणि मुलांच्या जबान्यांत वर्थम यांनी फेरफार केल्याचं 2012 मध्ये मांडलं. पण शिक्का तोवर अर्धं शतक चालला होता. कॉमिक्सच्या दोन मोठ्या प्रकाशकांपैकी मार्व्हलने तो 2001 मध्ये सोडला, डीसीने 2011 मध्ये.

या शिक्क्याने काय अडवलं, ते सचिवांना मी मुद्दाम सांगितलं. अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्यानेच मार्व्हलचे संपादक स्टॅन ली यांना नशेच्या दुष्परिणामांवर गोष्ट करा म्हणून पत्र लिहिलं. त्यांनी 1971 मध्ये स्पायडरमॅनच्या 96 ते 98 या अंकांत ती केली. गोष्टीत नशा आहे म्हणून शिक्का नाकारला. मार्व्हलने अंक शिक्क्याशिवाय छापले आणि मग नियम बदलावा लागला. आमच्या पंचक्रोशीत सातवी-आठवीची पोरं खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खातात. त्यांना परग्रहावरच्या राक्षसापेक्षा ही गोष्ट जवळची आहे, आणि सगळं कुलपात घालणारा नियम पहिल्यांदा हीच अडवतो.

विषय मोठ्यांचा म्हणून गोष्ट मोठ्यांची होत नाही. 1938 मध्ये सुपरमॅन पहिल्यांदा आला त्याच 13 पानांत बायकोला मारणारा नवरा आहे, फाशीच्या दारातली निरपराध बाई आहे, भ्रष्ट सिनेटर आहे. यातलं काय आमच्या गावात नाही? पण तिथे नवऱ्याचा हात धरायला कोणीतरी येतं. मुलाला विषयापासून वाचवायचं नसतं. त्याच्या वयाला गोष्टीत पाय टेकवायला जागा आहे की नाही, ते पाहायचं असतं.

हे बोलणं चालू असताना अकरावीतली एक मुलगी स्पर्धा परीक्षेची पुस्तकं बदलायला आली होती. तिने टेबलावरचं पुस्तक उचललं, पाच-सात पानं उभ्या उभ्याच वाचली आणि म्हणाली, "मॅडम, हे माझ्या कार्डावर द्या." सचिव म्हणाले, "पोरीच्या जातीनं असलं वाचू नये." हे वाक्य मी इथे लिहिते आहे कारण ते त्यांनी मुलाबद्दल म्हटलं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "काका, सप्त्यात भीमानं दुःशासनाचं रक्त पिलेलं ऐकतोच ना आम्ही? लहान पोरं तं पुढंच बसतात."

मला उत्तर सुचायला संध्याकाळ झाली. सप्त्यात महाराजांच्या पुढ्यात पोरं असतात. ती डोळे विस्फारून बसली की महाराज आवाज उतरवतात, अभंग घेतात, टाळ वाजतात आणि रक्ताचा प्रसंग दोन ओळींत मागे पडतो. रात्री बारानंतर पोरं झोपली की तोच प्रसंग वेगळा रंगतो. सांगणारा समोर असतो, ऐकणाऱ्याकडे पाहून माप कमी-जास्त करतो. छापील चित्राला ते करता येत नाही. दोन चौकटींमधल्या पांढऱ्या फटीत जे घडतं ते वाचणारा स्वतःच रचतो, आणि नऊ वर्षांचं पोर तिथे एकटंच असतं. वाचनालयात तो सांगणारा म्हणजे देवघेवीच्या टेबलावरची बाई. दुसरं कोणी नाही.

सिनेमाला निदान प्रमाणपत्र आहे. नोव्हेंबर 2024 पासून यू-ए मध्येही 7, 13 आणि 16 असे टप्पे झाले. पुस्तकाला असं काही नाही. आहे तो 1956 चा, तरुणांना हानिकारक प्रकाशनांबद्दलचा कायदा. त्यात चित्रांतून सांगितलेल्या हिंसेच्या, क्रौर्याच्या गोष्टींचा स्पष्ट उल्लेख आहे आणि तरुण व्यक्ती म्हणजे 20 वर्षांखालची. म्हणजे 18 व्या वर्षी मत देणारी मुलगीही त्यात येते. वाचनालयाच्या टेबलावर त्या कायद्याने रोजचं काम चालत नाही.

म्हणून आता खोक्यातली उरलेली चित्रकथा मी अशी तपासते. पहिल्या फेरीत शब्द झाकून फक्त चित्रं पाहायची, भाषा न येणाऱ्या मुलासारखी. जिथे हात थांबेल तिथे चिठ्ठी. दुसऱ्या फेरीत वाचायचं, पूर्ण, मधलं पान न गाळता. पहिल्या वीस पानांवरून काहीच कळत नाही, मालिकेच्या मध्येच सूर बदलतो. मग चिठ्ठीच्या जागी परत जाऊन तीन गोष्टी पाहायच्या: दुखापत झालेल्याचं पुढे काय होतं ते दाखवलंय का, मारणाऱ्याला कोणी अडवतं का, आणि शब्दांशिवाय यातलं काय उरतं. मागची किमतीची चिठ्ठी ओल्या कापडाने भिजवून सोलायची. अमेरिकी अंकांवर टी, टी प्लस, मॅक्स अशी वयोगटाची अक्षरं असतात, ती कार्डावर उतरवायची. 'बा' शेवटी, पेन्सिलीने, महिनाभराने शाईने. पातळ अंकाला अर्धा तास पुरतो, जाड पुस्तकाला दोन संध्याकाळी.

या रीतीने राज कॉमिक्सचा नायक ध्रुव बालविभागात गेला. त्याच्याकडे कसली दैवी शक्ती नाही, सर्कशीत शिकलेल्या कसरती आणि विज्ञान यांवर तो जिंकतो, जीव घेत नाही. वेताळही तिथेच. 'वॉचमेन'वरचं 'बा' मी खोडलं, ते प्रौढ विभागात, वरच्या फळीवर. अकरावीच्या मुलीला ते दिलं. पंधरा दिवसांनी परत आणताना तिने विचारलं की शेवटी बरोबर कोण होतं. आम्ही तासभर बोललो आणि आमचं एकमत झालं नाही.

पोराला मी शेवट सांगितलेला नाही. पानं फाटलेली नव्हती एवढं सांगितलं, आणि ही गोष्ट मोठ्यांसाठी लिहिलीय, तिच्यात कोणी येत नाही, हे सांगितलं. "काऊन नाई येत?" त्याने विचारलं. मी दोन वाक्यं बोलले, ती मलाच पटली नाहीत. त्याने वेताळचे दोन अंक नेले.

राज कॉमिक्सच्याच डोगा या नायकाचे 11 अंक अजून टेबलावर आहेत. हिंदी आहेत, पोरांना वाचता येतात, शब्दन् शब्द कळतो. कुत्र्याचा मुखवटा, मुंबईच्या गल्ल्या. डोगा येतो, वेळेवर येतो, अडलेल्याला सोडवतो आणि गुंडाला पोलिसांकडे न देता मारून टाकतो. चारदा वाचले. कार्डांवर अजून काही लिहिलेलं नाही.