आयईएलटीएस : लेखनात साडेसहावर अडलेली गाडी

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतील श्रवण, वाचन आणि संभाषण यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. गाडी अडली ती लेखनात, नऊपैकी साडेसहा गुणांवर, आणि विद्यापीठातील प्रवेशासाठी मला सात हवे होते. लेखनाचे गुण चार निकषांवर समान भाराने दिले जातात. त्यांतील शब्दसंपदेच्या निकषात सातच्या पातळीला कोलोकेशनची, म्हणजे कोणता शब्द कोणत्या शब्दाशेजारी बसतो याची, जाण अपेक्षित असते.

आमच्या शिकवणीवर्गाने यावर उपाय म्हणून वाक्प्रचारांची झेरॉक्स वाटली होती. तिच्यातील 'मूर्खपणा व फसवणूक' या पानाचा राग मला अजून आहे. 'पुल द वूल ओव्हर समवन्स आईज', म्हणजे डोळ्यांत धूळ फेकणे, ठळक अक्षरांत होते. मात्र इंग्रजीत खोटे बोलत नाहीत, सांगतात, म्हणून 'टेल अ लाय', एवढी साधी गोष्ट त्यात नव्हती. मराठीतील 'करणे' सगळीकडे चालते, म्हणून ऑनलाइन फसवणुकीवरील सरावनिबंधात वर्गातले निम्मे जण 'डू फ्रॉड' लिहीत होते, आणि तपासणारे सर 'कमिट फ्रॉड' असे दुरुस्त करण्याऐवजी समासात 'अधिक वाक्प्रचार वापरा' असा शेरा मारत होते. 'मेक अ फूल ऑफ समवन' म्हणजे एखाद्याचे चारचौघांत हसे करणे. पैसे लुबाडणाऱ्यासाठी नुसते 'फूल' किंवा 'डिसीव्ह' हे क्रियापद पुरते, आणि फसणारा 'फॉल्स फॉर अ स्कॅम'. हा फरक विचारला, तेव्हा "एवढे बारीक कोणी पाहत नाही" असे उत्तर मिळाले. परीक्षक नेमके तेवढेच बारीक पाहतात. पुढे याच वर्गाच्या फलकावर यशस्वी विद्यार्थ्यांत माझा फोटो लागला, याला 'ब्लेटंट लाय', म्हणजे धडधडीत खोटे, ही जोडी चपखल बसते.

अखेर मी ऑक्सफर्डचा कोलोकेशन शब्दकोश घेतला. त्यात 'लाय' या नामाखाली आधी विशेषणे, मग क्रियापदे अशी मांडणी असल्यामुळे मी सुटे शब्द पाठ करणे सोडून दिले आणि रोज काही जोड्या स्वतःच्या वाक्यात लिहू लागलो. 'अटर', म्हणजे निव्वळ, हे विशेषण बहुधा वाईटाच्याच संगतीत दिसते, जसे 'अटर नॉन्सेन्स', हे तेथील उदाहरणे वाचताना उमगले. 'फोर-ट्वेंटी' मात्र निबंधात नको. भारतीय दंडसंहितेतील ते कलम परदेशी परीक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नाही, शिवाय 1 जुलै 2024 पासून आपल्याकडेही त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आले आहे.

आधी सांगायला हवे होते ते आता आठवले : संगणकावर परीक्षा दिलेली असेल, तर 60 दिवसांच्या आत फक्त लेखन पुन्हा देता येते. मात्र काही विद्यापीठे असा निकाल स्वीकारत नाहीत, त्यामुळे शुल्क भरण्यापूर्वी त्यांना ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. मी घेतले होते, आणि त्याच मार्गाने सात मिळवले.