कामिकात्सु, एक दिवस

आज कामिकात्सुला जाऊन आलो, जपानच्या शिकोकू बेटावरचं तोकुशिमा प्रांतातलं डोंगरातलं गाव, जेमतेम दीड हजारच्या आतबाहेर वस्ती आणि त्यातले निम्म्याहून जास्त म्हातारे. इथे कचऱ्याची गाडीच येत नाही, लोक स्वतः कचरा सेंटरवर आणून चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. 2003 ला झिरो वेस्ट, म्हणजे कचरा शून्यावर आणायचं, असं जाहीर करणारं जपानमधलं हे पहिलं गाव. एक आजी बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं करत होत्या, अजिबात घाई नाही, मी बघतच राहिलो. प्रत्येक डब्यावर लिहिलंय हे कुठे जातं, त्याचं काय बनतं आणि खर्च किती येन. असं लिहिलं की माणूस टाकताना विचार करतोच ना!

आणि पानांची गोष्ट तर भारीच. 1981 च्या कडाक्याच्या थंडीत संत्र्याच्या बागा गेल्या, मग 1986 पासून इथल्या आज्या मेपल, पर्सिमनची पानं तोडून हॉटेलांना विकतात, जेवणाच्या ताटात सजावटीला, आणि ऑर्डर टॅबलेटवर बघतात. एका ट्रेमध्ये लालचुटूक मेपलची पानं एकसारखी रांगेत लावलेली, एकालाही डाग नाही.

परतीच्या बसमध्ये चहाची रिकामी बाटली हातात धरून बसलो होतो, झाकण काढून खिशात ठेवलं.