ग्लॉसी स्क्रीन पुसली, एकही चरा न पाडता – माझा अनुभव

लॅपटॉप चालू असला की स्क्रीन स्वच्छच वाटते हो, बंद केला की मग सगळं दिसतं. माझ्या ग्लॉसी स्क्रीनवर बोटांचे ठसे, शिंकेचे बारीक थेंब आणि मधोमध चौकोनांची एक पुसट जाळी होती. ती जाळी म्हणजे कीबोर्डच. झाकण मिटल्यावर कीज आणि स्क्रीन यांच्यात जेमतेम फट उरते, बॅगेत जरा दाब आला की तीही राहत नाही आणि कीजवरचं बोटांचं तेल सरळ स्क्रीनवर छापलं जातं.

हात लावायच्या आधी मी मॅन्युअल काढून नीट वाचलं, आणि हे खरंच करा, कारण वरून सगळ्या चकचकीत स्क्रीन सारख्याच दिसल्या तरी कुणाच्या वर काच असते, कुणाच्या वर नुसतं गुळगुळीत प्लास्टिक असतं, आणि बऱ्याच जणांच्या वर रिफ्लेक्शन कमी करणारं नाहीतर बोटांचं तेल धरू न देणारं अगदी पातळ कोटिंग असतं. जपायचं असतं ते हे कोटिंग. ते एकदा ठिकठिकाणी उडालं की ढगाळ चट्टे पडतात आणि ते कशानेच जात नाहीत, मग पॅनल, म्हणजे अख्खी स्क्रीनच, बदलण्याशिवाय उपाय नाही. म्हणून खिडकीच्या काचा पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको, नेलपॉलिश रिमूव्हर नको (त्यात अॅसिटोन असू शकतं, प्लास्टिक विरघळवतं ते), ब्लीच नको. टिश्यू पेपर पण नको, हाताला मऊ लागतो पण तो शेवटी लाकडाच्या लगद्याचा, तंतू कडक असतात आणि वर कचरा सोडतो तो वेगळाच.

मग लॅपटॉप पूर्ण शटडाऊन केला, स्लीप नाही, चार्जर काढला आणि गार होऊ दिला. गरम स्क्रीनवर ओल लगेच सुकते आणि पुसायच्या आतच पट्टे उमटतात म्हणून. झाकण बऱ्यापैकी मागे उघडून मागून एक हात टेकवला, नाहीतर सगळा जोर बिजागरीवर येतो आणि स्क्रीनही हलत राहते.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम, ते म्हणजे कोरडी धूळ काढणं. लोक हीच पायरी गाळतात आणि सरळ ओलं फडकं फिरवतात. धुळीत वाळूचे बारीक कण असतात, त्यातलं क्वार्ट्झ मोह्सच्या कठीणपणाच्या मापावर 7 ला येतं आणि साधी काच 5.5 ते 6 च्या आसपास, म्हणजे धूळ काचेपेक्षा कठीण, प्लास्टिकची तर गोष्टच सोडा. तीच धूळ फडक्याखाली दाबून गोल गोल फिरवली तर चरे पडणारच ना. मी कॅमेऱ्याची लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर वापरला, स्क्रीन थोडी पुढे कलती ठेवून वरून खाली हवा मारली. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे थेंब उडतात. हवेचा कॅन वापरणार असाल तर उभाच धरा, तिरका केला की आतलं गार लिक्विड बाहेर येतं.

मोबाईलचा टॉर्च बाजूने, अगदी तिरका पाडला, तेव्हा समोरून जे काहीच दिसत नव्हतं ते सगळं उठून दिसायला लागलं, कण वेगळे, तेल वेगळं. पुढचं सगळं मी याच उजेडात केलं.

मग कोरडं मायक्रोफायबर, म्हणजे अगदी बारीक तंतूंचं मऊ फडकं. दोनदा दुमडलं की आठ कोऱ्या बाजू मिळतात, एक बाजू मळली की दुसरी घ्यायची. वरून खाली, सरळ, फडक्याच्या वजनापेक्षा किंचित जास्त दाब, बस. निम्मे डाग तर इथेच गेले!

जाळी मात्र राहिली. त्यासाठी दुसरं मायक्रोफायबर डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून घट्ट पिळलं, इतकं की हाताला गारवा लागेल पण थेंब सुटणार नाही. नळाचं पाणी मुद्दाम घेतलं नाही, त्यातले क्षार सुकल्यावर पांढरे ठिपके सोडतात. आणि पाणी कधीही डायरेक्ट स्क्रीनवर मारायचं नाही, ते ओघळत खालच्या कडेला जातं आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये पॅनलची सर्किट आणि कनेक्टर नेमके तिथेच असतात. चिवट डागावर घासण्याऐवजी ओलसर फडकं नुसतं टेकवून ठेवलं, डाग मऊ पडला की अलगद उचलला. जोर लावला तर आतल्या एलसीडीवर दाब येतो आणि बंद स्क्रीनवर तो दिसतही नाही. दोन तेलकट ठिपके तरीही हटेनात, तिथे फडक्याच्या टोकावर किंचित 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेतलं, पण ते माझ्या मॅन्युअलमध्ये चालतं असं लिहिलंय म्हणून, तुमच्यात नसेल तर पाण्यावरच थांबा.

ग्लॉसीवर खरी परीक्षा असते ती पट्ट्यांची. तेल निघत नाही, पसरतं, आणि त्याचा पातळ थर तिरक्या उजेडात इंद्रधनुष्यासारखा चमकतो. एकदम सगळी स्क्रीन ओली न करता छोटा पट्टा ओलसर फडक्याने पुसायचा आणि सुकायच्या आत कोरडं फडकं मागोमाग फिरवायचं, मग पुढचा पट्टा. असं केल्यावर टॉर्चमध्ये सुद्धा काही उरलं नाही, इतकं बरं वाटलं. कोपऱ्यात बेझलला (स्क्रीनभोवतीच्या चौकटीला) लागून बसलेली घाण कान साफ करायच्या कापसाच्या, जवळजवळ कोरड्या इअरबडने काढली, टोक घासायला नाही, नुसतं टिपायला.

पूर्ण सुकेपर्यंत झाकण उघडंच ठेवलं आणि तेवढ्यात कीबोर्डही पुसून घेतला, नाहीतर तीच जाळी परत छापली जाणार. फडकी साध्या साबणाने धुतली, फॅब्रिक सॉफ्टनर नाही, त्याचा थर तंतूंवर बसतो, मग फडकं तेल ओढत नाही आणि स्क्रीनवर पट्टे सोडतं. मिटताना मधे जाड कापड ठेवायची बऱ्याच जणांना सवय असते, ते मी करत नाही, फट इतकी कमी असते की पॅनलला तडा जाऊ शकतो.