कोरी चिठ्ठी

ग्रंथालयातल्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखेची एक चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक नेलं की ते परत द्यायच्या तारखेचा शिक्का तिच्यावर मारायचा. वाचलं जाणारं पुस्तक या चिठ्ठीवरून लगेच ओळखू येतं. शिक्के एकमेकांवर चढलेले, एखादा उलटा पडलेला, जागा संपली म्हणून दुसरी चिठ्ठी पहिलीवर डकवलेली. न वाचलं जाणारंही ओळखू येतं. तिथे डिंकाचा पिवळा डाग असतो, बाकी काही नाही.

मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात एका शाळेत ग्रंथपाल आहे. माहेर धुळ्याचं, त्यामुळे पोरांची अहिराणी बोली मला नवी नव्हती. इथली केळीची शेती मात्र नवीच होती. हे आधीच सांगते, कारण पुढे माझी फजिती त्यातूनच झाली.

मागच्या मे महिन्यात पुस्तकमोजणी काढली. बाहेर ऊन असं की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. शिपाईमामा रजिस्टरमधला दाखल क्रमांक वाचायचे, मी कपाटातून पुस्तक शोधून "आहे" म्हणायचे. तिसऱ्या दिवशी मामांनी कंटाळून एका पुस्तकाचं मागचं पान उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, याले तर कोनी हातबी नही लायेल." मग दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. शेवटी बाजूला एक कागद घेऊन आम्ही कोऱ्या चिठ्ठ्यांच्या रेघा मारत गेलो, पाचापाचाच्या. मोजणी संपली तेव्हा 617 पुस्तकं अशी निघाली की शाळेत आल्यापासून ती एकदाही कुणाच्या घरी गेली नव्हती. त्यातली काही माझ्या वयाची असतील.

माझ्या टेबलामागे डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या पाच सूत्रांचा तक्ता आहे. 1931 साली त्यांनी ती मांडली, ग्रंथालयशास्त्राच्या पहिल्याच वर्षी पाठ करावी लागतात. पुस्तकं वापरण्यासाठी आहेत हे पहिलं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा हे तिसरं. मी तो तक्ता स्वतः लॅमिनेट करून आणला होता.

पण खरं सांगायचं तर मी कपाटं उघडतच नव्हते. नोकरीला लागले तेव्हा आधीच्या सरांनी चाव्यांचा जुडगा हातात देताना एवढंच सांगितलं होतं, "ताई, पुस्तक हरवलं तर भरून द्यावं लागतं. कुलूप तेवढं सांभाळा." मी 11 वर्षं कुलूप सांभाळलं. मुलं दारात येऊन "मॅडम, गोष्टीचं द्या" म्हणायची, मी हाताला येईल ते द्यायचे. मूल कपाटापर्यंत पोचतच नसे. बंद काचेतून पुस्तकाची पाठ दिसते आणि निम्म्या पुस्तकांच्या पाठीवरचं नाव उडालेलं असतं. मग मागणार तरी काय?

उपक्रम होत नव्हते असं नाही, भरपूर होत होते. 15 ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलाम यांची जयंती, तो 2015 पासून आपल्याकडे वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. आमच्याकडे त्या दिवशी पटांगणात 60 मुलं ओळीने बसवायची, 60 पुस्तकं वाटायची, फोटो काढायचा, तो अकराच्या आत ग्रुपवर टाकायचा आणि पुस्तकं मोजून परत घ्यायची. माझी मोजणी कधी चुकली नाही. एका वर्षी सहावीतल्या मुलीच्या हातातून पुस्तक घेताना ते सुटेना. वाटलं, हट्ट करतेय. पाहिलं तर तिचं बोट आतल्या पानात होतं, कुठवर आली त्याची खूण म्हणून. मी पुस्तक ओढून घेतलं. 60 भरायची होती ना.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर मी हेडसरांना म्हटलं, एक शनिवार मला द्या. कोऱ्या चिठ्ठीच्या पुस्तकांतली 80 निवडली, व्हरांड्यात चार बाकं जोडून त्यांवर मांडली आणि फळ्यावर लिहिलं: "ही पुस्तकं आजवर कोणीच वाचलेली नाहीत. पहिला शिक्का कोणाचा?"

नियम दोनच. हवं ते स्वतःच्या हाताने उचलायचं. आणि त्यावर काहीही लिहून आणायचं नाही, सारांश नाही, परीक्षण नाही, तात्पर्य तर नाहीच. हा दुसरा नियम मराठीच्या सरांना पटला नाही. त्यांच्याकडे पुस्तक परीक्षणाच्या वह्या असतात. मी त्या वह्या पाहिल्या आहेत. तीस मुलांनी मलपृष्ठावरचा तोच मजकूर तीस हस्ताक्षरांत उतरवलेला असतो, खाली लाल शाईत "छान".

त्या शनिवारी व्हरांड्यात जत्रा भरली. सापांच्या पुस्तकासाठी सातवीतल्या दोघांची झटापट झाली. वसतिगृहातल्या पावरा आदिवासी मुली घोळक्याने आल्या, आधी नुसत्या पानं चाळत राहिल्या, मग एकीने सातपुड्यातल्या झाडपाल्याचं पुस्तक घेतलं आणि दुसरीने चक्क शब्दकोश. "अगं, हा वाचायचा नसतो," असं तोंडावर आलं होतं, गिळलं. थोर पुरुषांच्या चरित्रांचा जो संच मी मोठ्या हौसेने पुढे मांडला होता, त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. 80 पैकी 53 गेली.

त्यात नववीतला एक मुलगा होता. त्याचं नाव सांगत नाही. वर्गात त्याची हजेरी कापणीच्या दिवसांवर ठरायची. गाडी भरायची असली की तो बागेत. त्याने बराच वेळ शोधून 634 क्रमांकातली, म्हणजे फळबागांतली एक पातळ पुस्तिका उचलली. केळी लागवडीची, जुनी, पानं तपकिरी पडलेली. मला हसू आलं. घरी केळी, बागेत केळी, आणि वाचायलाही केळीच?

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी संस्थेची तपासणी होती. नेमकं त्याच सकाळी त्याने पुस्तिका आणून टेबलावर ठेवली आणि प्रार्थनेला पळाला. मी सवयीने पानं फडफडवली आणि हातच थांबला. पुस्तिकाभर पेन्सिल. समासात, ओळींच्या मधे, आकृतीवर. काही वाक्यांवर काट मारलेली. ग्रंथालयाच्या पुस्तकात काही लिहू नये हे आमच्या नियमांत पहिल्या क्रमांकावर आहे, आणि अकराला संचालक येणार. मी खोडरबर घेऊन बसले. दोन पानं खोडलीसुद्धा, त्याची चुटपुट अजून लागते.

तिसऱ्या पानावर पुस्तिका म्हणत होती की बसराई जातीची लागवड दीड बाय दीड मीटरवर करावी. त्याखाली पेन्सिलीत: "आते असं नही. जी-नाईन 6 बाय 5." जी-नाईन ही केळीची नवी जात, अंतर फुटांत. पुढे, पाटाने पाणी द्यावे. त्यावर काट, "ड्रीप". थंडीत पारा उतरला की वाढ थांबते, रात्री बागेत काडीकचरा पेटवून धूर करावा, या वाक्यापुढे "बरोबर शे. आ." बागेभोवती शेवरी लावावी म्हणजे वारा अडतो, तिथेही "आ." आणि लागवडीसाठी तलवारीसारख्या अरुंद पानांचे मुनवे, म्हणजे खोडाच्या बुंध्याशी फुटणारे कोंब निवडावेत, यापुढे आधी "आते टिश्यूना रोप लावतस" (प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं) आणि त्याच्या खाली, वेगळ्या वेळी लिहिल्यासारखं, "मुनवाज चांगला. आ."

हे "आ." काय आहे ते मला कळेना. त्याला वर्गातून बोलावून घेतलं. खाली मान घालून उभा राहिला. त्याला वाटलं, दंड.

"आ. म्हणजे काय रे?"

"आबा," तो म्हणाला. "मॅडम, आबाला वाचता येत नाही. मी रात्री वाचायचो, तो आडवा पडून ऐकायचा. मधेच उठून बसायचा. म्हणायचा, लिख, लिख आठे."

आठ दिवस त्या घरात रात्री हे चाललं होतं. आजोबा पुस्तिकेच्या बाजूचे, नातू नव्या बागेच्या बाजूचा. जिथे दोघांचं पटलं नाही तिथे दोघांच्याही नोंदी होत्या. आणि मी खोडलेल्या दोन पानांवर काय होतं ते आता त्या दोघांनाच ठाऊक.

आमच्या ग्रंथालयात दरवाज्यावर बहिणाबाई चौधरींची तसबीर आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची तसबीर ग्रंथालयात, याची मला गंमत वाटायची. तिची गाणी तिच्या मुलाने, सोपानदेवांनी ऐकून टिपून ठेवली म्हणून उरली, हे मी दर कार्यक्रमात सांगते. शेजारच्या अमळनेरला साने गुरुजी शिक्षक असताना छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतः हाताने लिहून दैनिक काढत, हेही सांगते. सांगायला मला छान येतं.

एवढ्यात संचालक आलेच. गावात सगळे त्यांना नाना म्हणतात, सत्तरी ओलांडलेले, स्वतः केळीवाले. रजिस्टर पाहिलं, कपाटाच्या काचेवरून बोट फिरवून धूळ पाहिली, आणि मग टेबलावरची उघडी पुस्तिका त्यांच्या नजरेस पडली. पुस्तक झाकायला मी हात पुढे केला, पण त्यांनी ते उचललंच होतं. चष्मा कपाळावरून खाली आला.

"हे कोणी लिहिलंय?"

मुलगा कोपऱ्यात उभा. मी काही बोलायच्या आत त्यानेच हात वर केला.

"6 बाय 5?" नाना म्हणाले. "मग एकरी खोडं किती बसली भो? पाच बाय पाचला जास्त बसतात का नाही?"

मी सुटकेचा श्वास टाकावा की नाही ते मला समजेना, कारण नानांचा आवाज चढलाच होता, पण तो पेन्सिलीवरून नव्हता. मुलगा म्हणाला, खोडं जास्त बसतात पण घड भरत नाही. नाना म्हणाले, आमच्या बसराईचा काय भरत नव्हता? गणिताचे सर व्हरांड्यातून जात होते, त्यांना आत ओढलं. त्यांनी फळ्यावर मांडलं: एकर म्हणजे 43,560 चौरस फूट. पाच बाय पाचला 25 ने भागा, 1,742 खोडं. सहा बाय पाचला 30 ने भागा, 1,452. म्हणजे एकरी 290 खोडांचा फरक.

"पाहा!" नाना म्हणाले.

"पण नाना," मुलगा म्हणाला, "तुमची बाग कापायला किती महिने लागायचे? आबा दीड वर्ष सांगतो. आमची साल-सव्वा सालात निघते."

नाना गप्प झाले. मग पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायची मृगबाग आणि पावसाळा सरताना लावायची कांदेबाग यांवरून पुन्हा सुरू झालं. आठवीचा तास सुटला, मुलं दाराशी जमली, त्यातल्या निम्म्यांच्या घरी केळी. एकाने नेटाने मत दिलं की शेवरी लावून कडेची जागा कशाला वाया घालवायची, हिरवी जाळी बांधावी. दुसरा म्हणाला, जाळीला पैसे तुझा बाप देईल का? तीन वर्षांत ग्रंथालयात माझ्याशी एक वाक्य न बोललेली पोरं पुस्तिकेतल्या पान नंबरानिशी भांडत होती. मला त्यातलं निम्मं कळत नव्हतं. एकदा मी "घड म्हणजे फणीच ना?" असं विचारलं तेव्हा सगळा घोळका, नानांसकट, माझ्याकडे वळून हसला. घडाला अनेक फण्या असतात म्हणे. 11 वर्षं चोपड्यात काढून!

तपासणीच्या अहवालात नानांनी दोन ओळी लिहिल्या. पहिली: कपाटांवर धूळ आढळली. दुसरी: ग्रंथपाल यांनी कपाटे उघडी ठेवण्यास संस्थेची हरकत नाही. दुसरी ओळ मी मागून घेतली, हे कबूल करते. लेखी असलेलं बरं.

आता कोऱ्या कागदाच्या पट्ट्या कापून टेबलावर ठेवल्या आहेत. ज्याला पुस्तकाशी भांडायचं असेल त्याने पुस्तकात न लिहिता पट्टीवर लिहून त्या पानात ठेवायची. शब्दकोशवाल्या मुलीने 14 पट्ट्या ठेवल्या. तिच्या पावरी बोलीतले शब्द कोशात नाहीत, अशी तिची तक्रार आहे, आणि शब्द तिने लिहून दिले आहेत. पट्ट्या मी काढत नाही, त्यामुळे कोश आता नीट मिटत नाही. सहावीतली ती बोटवाली मुलगी आता दहावीत आहे. तिला पुस्तक कोणतं होतं ते विचारलं, तर तिला आठवत नाही. मलाही नाही.

आणि ती पुस्तिका? जाताना नाना म्हणाले, "हे मी घेऊन जातो, रात्री बघतो." संचालक हा ग्रंथालयाचा सभासद नसतो, पण हे त्यांना सांगणार कोण? मी रजिस्टरमध्ये नोंद केली आणि चिठ्ठीवर दुसरा शिक्का मारला, सात दिवसांच्या मुदतीचा. त्याला आता दोन महिने होऊन गेले. आमच्याकडे उशिराला दिवसाला 50 पैसे दंड आहे. मुलगा दर शनिवारी दारात येऊन विचारतो, "मॅडम, नानांनी आणलं का? आबाला अजून एक लिहायचंय." मी नाही म्हणते. हरवलं तर भरून मलाच द्यावं लागणार आहे.