ड्राइव्हवरची मोटर ट्रिप होत होती : माझा अनुभव

"मोटर रिवाइंड करून घ्या, मग बोलू." ड्राइव्हच्या, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या, सेवा केंद्राचं हे उत्तर (रिवाइंड म्हणजे मोटरची आतली तार नव्याने गुंडाळणं) अजून डोक्यातून जात नाही. मोटर तपासून झाली होती, आकडे त्यांना पाठवले होते, तरी दर वेळी नवा माणूस फोनवर यायचा आणि नेमप्लेटच्या फोटोपासून पुन्हा सुरुवात. त्यांच्या फॉर्ममध्ये मोटरच्या मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र) रीडिंगला रकाना होता, ड्राइव्हला रकाना होता, केबलला नव्हता. दोष नेमका केबलमध्ये निघाला.

ब्लोअरची मोटर होती. सुरू व्हायची छान, वेग घ्यायची आणि मध्येच 'अर्थ फॉल्ट' (करंट जमिनीकडे गळतोय) दाखवून ड्राइव्ह बंद, म्हणजे ट्रिप. पाळीवरची मंडळी रीसेट दाबून पुन्हा चालू करत. कृपा करून असं करू नका. ड्राइव्हच्या आठवणीत मोजकेच फॉल्ट राहतात, आणि तोच तो ट्रिप होत राहिला की जुनी नोंद पुसली जाते. मी पहिल्यांदा त्या नोंदी वहीत उतरवल्या. करंट रेटिंगच्या आत होता. डीसी बस (ड्राइव्हच्या आतला डीसी व्होल्टेज) 560 व्होल्टच्या आसपास, म्हणजे 415 व्होल्ट पुरवठ्याला साजेशीच. फ्रिक्वेन्सी, जिच्यावर मोटरचा वेग ठरतो, मात्र दर वेळी 37-38 हर्ट्झ. सगळा उलगडा त्याच आकड्यात होता, पण सेवा केंद्रात तो कोणी ऐकूनच घेईना.

मग मी ड्राइव्ह, केबल, मोटर ही साखळी तोडून एकेक भाग तपासला. आउटपुटच्या तारा काढून ड्राइव्ह रिकामा चालवला, पूर्ण वेगापर्यंत ट्रिप नाही. मोटरच्या टर्मिनल बॉक्समधून केबल सोडवून वाइंडिंगला 500 व्होल्टचा मेगर लावला, तिन्ही फेज बॉडीशी उत्तम. मेगर लावताना ड्राइव्ह पूर्ण वेगळा हवा, नाहीतर आतले आयजीबीटी (पॉवर स्विच) जातील. आणि झाकण उघडण्याआधी पुरवठा तोडून मॅन्युअलमध्ये लिहिलेला वेळ थांबा, मग डीसी बस मीटरने मोजून खात्री करा. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज जीव घेऊ शकतो, दिवा विझला एवढ्यावर विसंबू नका.

राहिली केबल. दोन्ही टोकं मोकळी करून मेगर केली, तर तीही चांगली! सेवा केंद्राचं म्हणणं खरं ठरतंय की काय, असं तिथे क्षणभर वाटलं. पण 38 हर्ट्झ डोक्यातून जात नव्हते. वेग ठरावीक आकड्याला पोचला की ब्लोअरचा पाया थरथरायचा, हे हाताला कळत होतं. म्हणून सहकाऱ्याला मेगर धरायला सांगितला आणि मोटरच्या ग्लँडजवळ (केबल मोटरमध्ये शिरते तिथे तिला पकडणारा भाग) केबल हळूहळू वाकवत गेलो, वाकवताना अर्थातच मेगर थांबवून, आणि दर वळणावर रीडिंग घेत. एका वळणावर केबलमधल्या एका कोअरचं (आतल्या तारेचं) रीडिंग एकदम कोसळलं. ग्लँड उघडला, तर आर्मरची (केबलवरच्या धातूच्या कवचाची) एक तार इन्सुलेशनमध्ये रुतलेली. थरथर वाढली की तार तांब्याला टेकायची, थांबली की सुटायची. थांबलेल्या मोटरवर ते दिसणार कसं?

खराब टोक कापलं, नवीन ग्लँड बसवला, केबलला मोटरपाशी थोडा झोल ठेवला. ट्रिप बंद झाली. त्या क्षणी फार बरं वाटलं, आणि एक चांगली मोटर विनाकारण उलगडली गेली नाही याचा अभिमानही वाटला.

अजून एक आठवलं. ड्राइव्हच्या आउटपुटचं व्होल्टेज साध्या मल्टिमीटरने मोजून निष्कर्ष काढू नका, तिथे साइन वेव्ह नसते, पल्स असतात. तिन्ही फेज सारख्या आहेत का एवढंच त्यावरून पाहा, करंटला ट्रू आरएमएस क्लॅम्प मीटर घ्या.

थरथरीचं मूळ पायाच्या बोल्टमध्ये आहे, ते काम वेगळं लावलंय. तोवर ड्राइव्हमध्ये स्किप फ्रिक्वेन्सी 38 हर्ट्झला टाकली आहे, त्यामुळे मोटर त्या वेगावर रेंगाळत नाही, पटकन पार होते.