हुलग्याचं पाणी

पौषातली दुपार. तीन वाजून गेले तरी स्वेटर उतरवावासा वाटत नव्हता. सुनेनं कुकर उघडला, सिंकवर चाळणी धरली आणि शिजलेले हुलगे त्यात ओतले. मी दारातून "अगं अगं" म्हणेपर्यंत ते काळपट दाट पाणी वाफाळत मोरीला लागलंसुद्धा.

"आई, उसळच करायची होती ना?"

तिचं काय चुकलं? पोर ठाण्याची. तिच्या माहेरी हुलगे म्हणजे उसळ, नाहीतर कुळथाचं पिठलं. पण आमच्या बेळगावात उसळीसाठी हुलगे शिजवायचे म्हणजे वाजंत्री बोलवून नवरदेवाला घरी ठेवायचं. हुलगे शिजवतात ते कटासाठी, म्हणजे त्या पाण्यासाठी. उसळ आपली मागाहून, खाणारं कुणी असलं तर.

खरं तर मूळ हिशोब त्याहून वेगळा. माझ्या आजोळी, खानापूर तालुक्यात, हुलगे शिजायचे ते बैलांसाठी. भाताची मळणी उरकली की उसाच्या गाड्या सुरू व्हायच्या. तेव्हा बैलाच्या अंगात ताकद हवी आणि ऊबही हवी, म्हणून हुलगे. नाताळच्या सुट्टीत आम्ही पोरं तिकडे असायचो. रात्री भिजत घातलेले हुलगे मामी पहाटे हंड्यात चढवायची. परड्यात तीन धोंड्यांची चूल, खाली शेणी. उठून बाहेर आलो की धुकं कुठलं आणि धूर कुठला ते कळायचं नाही. हुलगे बोटानं चेचले गेले की मामी वरचं पाणी पळीनं वेगळं काढायची. खालचे हुलगे घमेल्यात, त्यात मूठभर कोंडा, आणि मामा ते घेऊन गोठ्यात.

आम्ही वाट्या घेऊन चुलीपाशी. पण बैल खाऊन होईपर्यंत कुणाला थेंब मिळायचा नाही.

"तेंनी वढायचं हाय. तुमी नुस्तं बसून खायाचं," मामा म्हणायचा.

मग आम्हीच गोठ्याच्या दारात जाऊन उभे राहायचो, बैलांनी आटपावं म्हणून. बैल काही आटपत नसे. घमेलं चाटून झाल्यावर तो आपली लांब खरखरीत जीभ आधी एका नाकपुडीत घालायचा, मग दुसऱ्या. दोन्ही स्वच्छ झाल्या की आमच्याकडे बघून एक भलामोठा सुस्कारा. तो गरम वास तोंडावर आला की समजायचं, आता आपली पाळी.

मामी कटाला फोडणी द्यायची ती ठेचलेल्या लसणाची, सालीसकट. भाजलेला कांदा नि सुकं खोबरं पाट्यावर वाटलेलं, त्यातच मूठभर हुलगे दाटपणासाठी. संकेश्वरी मिरची, दोन आमसुलं, गुळाचा खडा. बस. जर्मनची वाटी ओठाला अशी चटकायची की फ्रॉकचा घोळ हाताभोवती गुंडाळून धरावी लागे. मग भुरका. पहिल्या भुरक्याला डोळ्यांत पाणी, दुसऱ्याला नाकात, तिसऱ्याला कानशिलं गरम.

भुरक्यावरून आठवलं. सूप चमच्यानं पिणारी माणसं मला मनातून आवडत नाहीत. आवाज होऊ नये म्हणून ती चमचा ओठाच्या कडेला लावून सूप आत सोडतात. अहो, गरम पातळ पदार्थ हवेबरोबर ओढल्याशिवाय त्याची चव कळते कशी? आणि हल्ली डिसेंबरात इथल्या लॉनवर रिसेप्शन असतं तेव्हा काय देतात? कागदी पेल्यात स्वीट कॉर्न सूप. कॉर्नफ्लोअरची पेज ती. अडीच हजार फुटांवरचं आमचं गाव, रात्री पारा बारा-तेरावर उतरलेला, त्यामुळे पेला तोंडाशी नेईपर्यंत वर साय धरते. (दिल्लीवाल्यांनी बारा-तेराला हसू नये. आम्हाला तेवढी पुरते.) त्यापेक्षा निपाणी-चिकोडीकडची मंडळी बरी, जेवणाआधी मटणाचं अळणी वाटीत घालून देतात आणि भुरकणाऱ्याकडे कौतुकानं बघतात.

बोस्टनला माझी भाची असते. तिकडे गुडघाभर बर्फ पडला की तिचा फोटो येतो, हातात चाउडरचा बोल. खारवलेल्या डुकराच्या चरबीवर कांदा परतायचा, बटाटे, तिसऱ्या, तिसऱ्यांचंच पाणी, आणि मग दूध-मलई. वर कुरकुरीत बिस्किटं चुरडायची. "मावशी, तुमच्याकडे गोव्याहून तिसऱ्या येतात की, करून बघ." तिसऱ्या येतात गं, पण दुधात? मासे आणि दूध एकत्र खाऊ नयेत असं चरकसंहितेनं बजावलंय, आणि माझ्या सासूबाईंनी चरक न वाचता त्याहून मोठ्या आवाजात बजावलं होतं. बोस्टनच्या वर्तमानपत्रात १७५१ सालीच चाउडरची कृती छापून आली होती म्हणे, तीही पद्यात. तेव्हापासून ती माणसं धडधाकट आहेत. तरी माझा हात धजायचा नाही.

त्यांच्यातली एक गोष्ट मात्र मला पटली. न्यूयॉर्ककडे चाउडरात दुधाऐवजी टोमॅटो घालतात, त्याचा उत्तरेकडच्या दूधवाल्या लोकांना एवढा संताप, की १९३९ साली मेन राज्याच्या विधिमंडळात एका सदस्यानं टोमॅटोवर बंदी घालणारं विधेयक आणलं. आमच्याकडे २०१२ पासून सुवर्ण विधानसौध आहे, हिवाळी अधिवेशन भरतं, तेवढे दिवस लॉज भरलेले आणि रस्ते अडलेले. इतक्या सगळ्या थंडीत कुणाला कटातल्या टोमॅटोचा प्रश्न सुचू नये?

कारण शेजारच्या अक्का घालतात. भिंतीपलीकडून वास येतो. "वैनी, स्वल्प टोमॅटो हाक्रि, रुची बर्तैति," त्या कन्नडमधून सांगतात. "अक्का, आमसूल असताना टोमॅटो कशाला?" मी मराठीतून. वर्षानुवर्षं हे चालू आहे आणि दोघींचंही एकमेकींच्या घरी वाटी पाठवणं थांबलेलं नाही. तिची वाटी आली की मी टोमॅटोची साल तेवढी बाजूला काढते.

कटाची मात्र आता अडचण झालीय. पाणी सगळ्यांना हवं, हुलगे कुणालाच नकोत. उसळ तिसऱ्या दिवसापर्यंत फ्रीजमध्ये बसते. माणसानं तेवढे हुलगे खावेत अशी मुळात योजनाच नव्हती. खाणारा गोठ्यात होता.

मामानं बैल विकले त्या हिवाळ्यात मामीनं सवयीनं हुलगे भिजत घातले होते. हंडा लहान घेतला एवढंच. शिजवले, पाणी काढलं, लसणाची फोडणी दिली. मामा वाटीला शिवला नाही. चहा टाक म्हणाला. मामीनं एका शब्दानं विचारलं नाही, चहा टाकला. त्यानंतर तो असेपर्यंत त्या घरात हुलगे शिजले नाहीत.